ठेवायचा की रद्द?

रेवा आणि निनाद,

हे दिवाळी अंकात छापून येणार आहे, तरी पहिले वाचक तुम्हीच. निनादला जोडाक्षरं अडतात. त्याने मोठ्याने वाचावं, म्हणजे सुटतात.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही मेलबर्नहून आलात. जेवणं झाल्यावर माझ्या माहेरी, बहादरपूरच्या घरी, ओसरीवर सतरंजी घालून पत्ते मांडलेत. चौथा भिडू कमी होता. "या ना आजोबा," म्हणून तुम्ही सुधाकर आजोबांचा, माझ्या धाकट्या भावाचा, हात ओढलात. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि अंगणात निघून गेले. परतताना गाडीत रेवाने मला हळूच विचारलं, "आजोबा रागावले का आमच्यावर?" मी म्हटलं, "नाही गं." पुढे ड्रायव्हर होता, त्याच्यासमोर तेवढंच बोलण्यासारखं होतं.

ते रागावले नव्हते. का उठले, ते लिहू का, असं मी त्यांना विचारून घेतलं आहे. "लिही जिजी," ते म्हणाले. "फक्त माझं नाक उगाच सरळ काढू नको." जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! मोठ्या बहिणीला आमच्याकडे जिजी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण त्यांचं सांगायचं तर आधी माझ्या नोकरीचं सांगायला हवं.

मी बुरहानपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि आवाज स्पष्ट होता, म्हणून नोकरी मिळाली. तेव्हा फोन उचलला की थेट कुणाशी बोलता येत नसे. तुम्ही घरी रिसीव्हर उचललात की आमच्या बोर्डावर एक दिवा लागायचा. आम्ही त्या भोकात वायरीचं टोक खुपसायचो आणि म्हणायचो, "नंबर प्लीज." गावातला नंबर असला तर दुसरं टोक दुसऱ्या भोकात. परगावचा असला तर त्याला ट्रंक कॉल म्हणत. तो आधी नोंदवायचा. खंडव्याच्या नाही तर भुसावळच्या ऑपरेटरकडून लाइन मिळाली की आम्ही ग्राहकाला परत फोन करून जोडून द्यायचो. ऑर्डिनरी कॉल दुपारी सांगितला तर कधी संध्याकाळ व्हायची. फारच उशीर झाला तर ग्राहकाला विचारायचा नियम होता: "कॉल ठेवायचा की रद्द करायचा?" हे वाक्य लक्षात ठेवा.

चारी बाजूंनी वायरी लोंबत असायच्या आणि आम्ही मधोमध. सुधाकरने एकदा माझं चित्र काढलं होतं: डोक्यावर हेडसेट लावलेला कोळी, आठ हातांत आठ वायरी. खाली लिहिलं होतं, "जिजी जाळ्यात." मी ते एक्स्चेंजमध्ये नेलं तर शेजारच्या बोर्डावरच्या दुबेबाई म्हणाल्या, "पाटीलबाई, भाई आपका कलाकार है, पर मेरी नाक भी बना देता तो क्या बिगड़ता?"

आमचं काम कानाचं. माणसं मला दिसायची नाहीत, ऐकू यायची. जैनाबादची एक म्हातारी नदी ओलांडून आमच्या काउंटरवर यायची, सुरतच्या मुलाशी बोलायला. रिसीव्हर दोन्ही हातांनी तांब्यासारखा धरायची. तीन मिनिटं मिळायची. त्यातली निम्मी "ऐकू येतं का रे?" यात जायची आणि उरलेली "जेवला का?" यात. वेळ संपली असं मी सांगितलं की मलाच विचारायची, "तू जेवली का बाई?" मुलगा मात्र तिकडून "आई, आई" म्हणत राहायचा. तरी वायर उपसावी लागायची.

लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, आणि ऐकलंच तर बाहेर काढायचं नाही अशी शपथ. पण लाइन लागली की नाही हे बघायला सुरुवातीचं थोडं कानावर पडतंच. त्या थोडक्यातच माणूस कळायचा.

बुरहानपूर कापसाचं आणि कापडाचं गाव. दुपारभर भावाचे कॉल. "आज भाव काय?" हा प्रश्न मी हजारो वेळा ऐकला असेन. त्यातले काही कॉल मात्र कापसाचे नसायचे. ते सट्ट्याचे असायचे. पलीकडचा माणूस भाव म्हणून एक आकडा सांगायचा. ज्याने त्या आकड्यावर पैसे लावले असतील तो जिंकला, बाकीचे हरले. आकडा ऐकला की त्याच दमात उद्याचा लावायचा आणि फोन ठेवायचा.

नवीन असताना मला दोन्ही सारखेच वाटायचे. दुबेबाईंनी कान लावायला शिकवलं. "सुनो, असली व्यापारी भाव सुनकर लड़ता है. सट्टेवाला चुप हो जाता है." खरंच होतं. कापसाचा व्यापारी भाव ऐकला की उसळायचा, "लुटता काय राव!" म्हणायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. सट्टेवाला गप्प. त्या गप्प बसण्यात मला सुरुवातीला हरणं ऐकू यायचं. पुढे लक्षात आलं की जिंकलेलाही तसाच गप्प होतो. दोघेही तेवढ्याच घाईने पुढचा आकडा लावतात. जिंकल्याचा आनंद ज्याला थांबून घेता येत नाही, त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे हे मला बोर्डावर बसून कळलं. पुस्तकात मी ते फार नंतर वाचलं.

आता आखाजी. तुम्हाला वाटेल, आजी पत्त्यांच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. आमच्या खानदेशाकडच्या मुलखात आखाजीला पत्ते खेळायची मोकळीकच असते. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात आणि पुरुष ओसरीवर डाव मांडतात. गावात पैसे लावून खेळणारे होते. आमच्या बाबांचा नियम वेगळा होता. चिंचोके लावायचे, आणि ज्याचे संपतील त्याने रसाचे आंबे पिळायचे. सुधाकर मुद्दाम हरायचा. आंबे पिळणाऱ्याला कोयी चोखायला मिळतात ना! पानं उघडी धरायचा, चुकीचा पत्ता टाकायचा, आणि वर कपाळाला हात लावायचा, "अरे देवा, परत हरलो!" बाबा म्हणायचे, "हरायला अक्कल लागते रे, ती तुला आहे."

दुसरा नियम होता डाव उठवायचा. संध्याकाळी झोक्याचा दोर सोडला की माहेरवाशिणीने येऊन सतरंजी गुंडाळायची. कुणाच्या हातात राजा असो की राणी, तिच्यापुढे कुणी बोलायचं नाही. लग्नानंतर तो मान माझा झाला. मी सतरंजीचा कोपरा उचलला की बाबासुद्धा पानं टाकून द्यायचे, आणि सुधाकर सतरंजीवर आडवा पडून म्हणायचा, "जिजी, मलाही गुंडाळ." अजून उन्हाळ्यात आंब्याचा वास आला की मला आधी ते ऐकू येतं.

सुधाकर शाहपूरच्या शाळेत मास्तर झाला. कुसुम त्याची बायको झाली. ती तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही लहान असतानाच गेली. एक दिवस दुपारी शाहपूरचा एक कॉल माझ्या बोर्डावर आला. चौकातल्या कापडदुकानाचा फोन. "भुसावळ द्या," आणि नंबर. आवाज त्याचा. मी त्या पाळीला आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि बोर्डावरचा माझा "नंबर प्लीज" काही घरच्या आवाजातला नसायचा. मला वाटलं, शाळेसाठी रंग मागवत असेल. मी लाइन जोडली.

"आज भाव काय?"

पलीकडून आकडा आला. सुधाकर गप्प झाला.

चित्रकलेच्या मास्तरला कापसाचा भाव कशाला हवा? आकडे घेणारे शाहपुरातही होते. पण मास्तर माणूस टपरीवर कसा उभा राहणार? म्हणून भुसावळ. मी कळ वर केली, म्हणजे मला पुढचं ऐकू येईना, आणि पुढच्या दिव्याकडे वळले. मला सगळं ठाऊक होतं आणि शपथेमुळे कुसुमला एक शब्द सांगता येत नव्हता.

ऐकलेलं सांगायचं नव्हतं, पण बघायला बंदी नव्हती. मी बघू लागले. पैशाचं काही दिसेना, कारण ते तो लपवायचा. दुसरंच दिसलं. विनोद झाला की तो सगळ्यांच्या नंतर हसायचा. दुपार कलली की त्याचं लक्ष दाराकडे जायचं. समोर बसून "हो, हो" म्हणायचा आणि काय विचारलं ते त्याला सांगता यायचं नाही. कागद-पेन्सिल हातात घेणं बंद झालं. कुसुम म्हणाली, "जिजी, हे घरात असतात ना, तरी मला यांची आठवण येते." मला आजवर त्या आजाराचं याहून नेमकं वर्णन मिळालेलं नाही.

त्या आखाजीला मी माहेरी गेले. तो डावाला बसला आणि अगदी बरोबर खेळला. एकही चुकीचा पत्ता टाकला नाही. चिंचोक्यांचा ढीग त्याच्यासमोर जमला आणि त्याच्या तोंडावर काही नव्हतं. संध्याकाळी मी झोक्याचा दोर सोडला, आत आले आणि सतरंजीचा कोपरा उचलला. समोरचा कोपरा त्याने धरून ठेवला.

"एकच डाव जिजी. अजून एकच, बस."

"सुधा, दोर सुटला."

"एकच म्हटलं ना!"

आवाज चढला होता. चिंचोक्यांसाठी! बाबांनी पानं खाली ठेवली. मी ओढलं, त्याने सोडलं नाही. मग मीच माझा कोपरा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. आमच्या घरात तसं कधी झालं नव्हतं.

निनाद, यंदा तूही कोपरा धरलास आणि "एकच डाव!" म्हणालास. पण तू हसत होतास, आणि मी ओढल्याबरोबर सोडून दिलास. मी बघत होते.

त्यानंतर थोड्या दिवसांनी सुधाकर एक्स्चेंजच्या काउंटरवर आला. सायकलवरून आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. जैनाबादची म्हातारी कॉलची वाट बघत बसायची त्या बाकावर पुष्कळ वेळ बसून राहिला. मग जाळीपाशी येऊन म्हणाला, "तुला माहीत आहे ना?"

मी समोरची नोंदवही सरळ केली.

"म्हणजे आहे. जिजी, माझा भुसावळचा कॉल लावत जाऊ नको."

"मला नाही म्हणता येत नाही रे. ग्राहकाचा कॉल आहे. माझी नोकरी जाईल."

"मग मी काय करू? मी ठरवतो सकाळी. दुपारी पाय आपोआप दुकानाकडे जातात."

मागून दुबेबाई हेडसेट मानेवर उतरवून आल्या. त्या कानाच्या बाई, त्यांना सगळं ऐकू आलेलं. "मास्टरजी, मना हम नहीं कर सकते," त्या म्हणाल्या. "लेकिन पूछ तो सकते हैं. पूछना तो हमारा रूल है."

झालं ते एवढंच. त्याने शाहपूरहून भुसावळ मागितलं की आम्ही कॉल नोंदवून घ्यायचो. लाइन मिळाली की जोडण्याआधी, बोर्डावर जी कुणी असेल ती त्याला विचारायची: "मास्तर, कॉल ठेवायचा की रद्द?" उपदेश नाही, वर एक शब्द नाही. आवाजात टोमणासुद्धा येऊ द्यायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, "ठेवा." दुसऱ्यांदाही. मी जोडून दिला. मग एकदा विचारलं. लाइनवर मागून दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. "रद्द," तो म्हणाला आणि फोन आपटला. दुबेबाईंनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही, फक्त डबीतला पेढा माझ्या बोर्डाच्या कडेवर ठेवला.

असं वाटू देऊ नका की मग सगळं सुरळीत झालं. कधी रद्द, कधी ठेवा. त्याने स्वतः कुसुमला सांगितलं, आणि पगार तिच्या हाती देऊ लागला. इंदूरला एका डॉक्टरांना भेटलो. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, चांगल्या घरचा मुलगा आहे." ते म्हणाले, "डायबिटीस चांगल्या घरात होत नाही का? त्याला ओरडू नका, आणि त्याची देणी तुम्ही परस्पर फेडू नका. एकट्याला सोडू नका." ओरडू नका हे सोपं होतं. फेडू नका हे बहिणीला जड गेलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते सुधाकरला: "तुमच्यासाठी थोडा खेळ असा काही राहिलेला नाही. चिंचोक्यांचासुद्धा नाही."

तेव्हापासून तो आखाजीला सतरंजीवर बसला नाही. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तो एकटा मागच्या अंगणात आंबे पिळत बसला होता. न खेळताच.

मग एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली. फोन उचला, आकडे फिरवा, भुसावळ काय नि मुंबई काय, आपोआप. गावात पेढे वाटले. साहेबांनी भाषण केलं की आता मध्ये कुणाची गरज नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुबेबाई इटारसीला लेकीकडे निघून गेल्या आणि मला बिलांच्या खिडकीवर बसवलं. बोर्ड काढून नेला तेव्हा त्या भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता. मी जाता-येता त्याच्याकडे बघायची.

माझी भीती एकच होती, सुधाकरला आता कोण विचारणार? ती खरी ठरली. चौकाचौकात फोनची काचेची खोपटी उभी राहिली, आणि तो पुन्हा घसरला. ती वर्षं मी थोडक्यात उरकते. कुसुम मुलाला घेऊन माहेरी गेली. शाळेने त्याला काही काळ घरी बसवलं. तो मला रस्त्यात दिसला की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचा. मुद्दाम हरणारा मुलगा मला त्या पाठमोऱ्या सायकलवर शोधावा लागे.

मग एका दुपारी माझ्या घरचा फोन वाजला. मी उचलला. मागे रस्त्याचा गलका होता.

"जिजी, बूथवर उभा आहे. ट्रंक बुक करायचाय."

मी घरात, पदराला हात पुसत उभी. बोर्ड नाही, हेडसेट नाही. पण आवाज आपसूक तो आला. "नंबर प्लीज."

"भुसावळ."

"ठेवायचा की रद्द?"

तो म्हणाला, "रद्द." आणि मग, "उद्या पण करू का फोन?"

तिथून त्याचं वळण बदललं. कुसुम परत आली, शाळा परत मिळाली. रेवा, तू विचारलं होतंस ना, आजोबा मला मधूनच फोन करून एकच शब्द बोलून का ठेवतात? तो शब्द तेव्हापासूनचा. आता त्यांच्याकडे तुमच्यासारखाच फोन आहे, चित्रं बघायला मुलाने दिलेला. त्यात रमीच्या जाहिराती येतात, क्रिकेटच्या टीमा लावा म्हणतात. बोट ठेवायचाच अवकाश. मध्ये उशीर नाही, कुणी विचारणारी बाई नाही. लोक जुन्या काळातल्या त्या उशिराला शिव्या देतात. मला मात्र त्याची फार आठवण येते. त्या उशिरात माणूस स्वतःकडे परत यायचा.

मी अजून फोन जवळ घेऊनच झोपते, अंघोळीला जाताना दाराबाहेर ठेवते. तुमचा फोन येईल म्हणून, आणि त्यांचा येईल म्हणून. तुमच्यापैकी कुणाला कधी वाटलं की खेळ आपल्याला खेळवतोय, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, घरच्यांपासून लपवावंसं वाटतंय, तर मला फोन करा. मी रागावणार नाही, किती गेले विचारणार नाही. एकच प्रश्न विचारीन.

आता यंदाची आखाजी. तुम्ही हात ओढलात आणि आजोबा अंगणात गेले. मी स्वयंपाकघरात रात्रीचा रस गाळायला रिकाम्या पातेल्यावर फडकं बांधत होते. ओट्यावरचा फोन वाजला. नाव आलं, सुधा. खिडकीतून बघितलं तर तो कडुनिंबाखाली पाठमोरा उभा, एक हात झोक्याच्या दोरावर.

"जिजी, एक कॉल आहे."

"कुठला?"

"घरचाच. पोरं बोलावताहेत."

ओसरीवरून तुमचं हसणं येत होतं. निनाद पत्ते पिसत होता. सतरंजी तीच होती. मला वाटलं, आता तो सत्तरीला आला, चिंचोकेच तर आहेत. एकदा, एकदाच तो तिथे बसावा, चुकीचा पत्ता टाकावा, कपाळाला हात लावून "अरे देवा, परत हरलो" म्हणावा आणि मी कोपरा उचलल्यावर आडवा पडावा. मला ते फार हवं होतं. मी गाठ सोडली, परत बांधली. आणि मग बोर्डावरच्या आवाजात, ज्यात माझं स्वतःचं काही मिसळू द्यायचं नसतं त्या आवाजात, विचारलं, "ठेवायचा की रद्द?"

झोका थोडा हलला.

त्याचं उत्तर मला दोनदा ऐकू आलं, आधी खिडकीतून आणि मग फोनमधून.

"रद्द."

"ठीक," मी म्हटलं. "मग आत ये. आंबे पिळायचे राहिलेत."